फ्लोराइड दातावर हवं, पोटात नको: पेस्ट कशी निवडायची, किती घ्यायची आणि पाणी कधी तपासायचं

आधी एक काम करा, बाथरूममधली पेस्टची ट्यूब घेऊन या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. पुढची बाजू सोडून द्या, तिथे फक्त चकचकीत दात आणि पुदिन्याची पानं असतात. मागे घटकांच्या यादीत बहुतेक वेळा चारपैकी एक नाव सापडतं: सोडियम फ्लोराइड, सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट, स्टॅनस फ्लोराइड किंवा अमाइन फ्लोराइड (हे कधीकधी ओलाफ्लुर नावाने लिहिलेलं असतं). यातलं काहीच नसेल तर तुमची पेस्ट बिनफ्लोराइडची आहे, मग पुढे कितीही मोठ्या अक्षरात कीडमुक्तीचं वचन दिलेलं असो.

फ्लोराइडवर वाद घालणारी मंडळी दोन्हीकडून जोरात असतात, एकाला ते विष वाटतं आणि दुसऱ्याला त्याशिवाय दात टिकणारच नाहीत असं वाटतं, आणि या भांडणात ते नक्की कुठे पोचतंय हा प्रश्नच कुणी विचारत नाही. दाताच्या पृष्ठभागावर थोडं थोडं, रोज, बराच वेळ राहिलं तर ते कामाचं. गिळून पोटात गेलेल्याचा दाताला फायदा त्यामानाने किरकोळ आणि प्रमाणाबाहेर गेलं तर तेच हाडात जाऊन बसतं. म्हणून खाली जे जे करायला सांगितलंय ते सगळं यासाठीच आहे, दातावर जास्त वेळ आणि पोटात कमीत कमी.

आकडा वाचायला शिका

नाव सापडलं की पीपीएमचा आकडा शोधा. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड, एवढंच गणित आहे, आणि मुलांच्या बाबतीत ते पुढे लागणार आहे म्हणून डोक्यात ठेवा. मोठ्यांसाठी १००० ते १५०० पीपीएममधली पेस्ट घ्या, आणि १४५० मिळत असेल तर तीच घ्या कारण १००० च्या आसपासच्या पेस्टपेक्षा ती किंचित जास्त कीड रोखते असं बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलंय. ५०० पीपीएमवाल्या सौम्य पेस्ट मुलांसाठी म्हणून विकतात पण त्यांचा फायदा तितका पक्का सिद्ध झालेला नाही, त्यापेक्षा नीट ताकदीची पेस्ट अगदी थोडी घेणं जास्त शहाणपणाचं.

आता यात एक गोची आहे. काही ट्यूबवर पीपीएम नसतो, नुसते टक्के असतात, आणि ते टक्के फ्लोराइडचे नसून त्या अख्ख्या संयुगाचे असतात. सोडियम फ्लोराइडच्या वजनात ४५ टक्के फ्लोराइड असतं, स्टॅनसमध्ये साधारण २४ टक्के आणि मोनोफ्लोरोफॉस्फेटमध्ये जेमतेम १३ टक्के. त्यामुळे ०.७६ टक्के मोनोफ्लोरोफॉस्फेट वाचून ते ०.२४३ टक्के सोडियम फ्लोराइडच्या तिप्पट वाटतं, पण हिशेब केला तर पहिलं १००० पीपीएम निघतं आणि दुसरं ११००! स्टॅनसचं ०.४५४ टक्के असेल तर तेही ११०० च. कॅल्क्युलेटर काढा, टक्क्यांना त्या त्या फ्लोराइडच्या हिश्श्याने गुणा आणि दहा हजाराने गुणा, आला पीपीएम. म्हणजे ०.२४३ गुणिले ०.४५ गुणिले १०,०००. झालं.

संयुग कोणतं याने फरक पडतो का, तर थोडा पडतो. सोडियम फ्लोराइड पाण्यात लगेच सुटतं आणि लगेच कामाला लागतं, पण पेस्टमध्ये घासण्यासाठी खडूची पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असेल तर ते ट्यूबमध्येच कॅल्शियमला चिकटून बसतं आणि दातापर्यंत पोचतच नाही. म्हणून खडूवाल्या स्वस्त पेस्टमध्ये मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात, त्यात फ्लोराइड फॉस्फेटला घट्ट बांधलेलं असतं आणि तोंडात गेल्यावर लाळेतली आणि दातावरच्या बॅक्टेरियाच्या चिकट थरातली एन्झाइम्स ते सोडवतात. सोडियम फ्लोराइडवाल्या पेस्टमध्ये बहुधा सिलिका दिसेल, कारण सिलिका त्याच्या वाटेला जात नाही. दोन्ही चालतात. सोडियम फ्लोराइड आणि खडू अशी जोडी यादीत दिसली तर मात्र ती पेस्ट जागेवर परत ठेवा.

स्टॅनस म्हणजे कथिलवालं. ते जुनंच आहे खरं तर, अमेरिकन डेंटल असोसिएशनने १९६० मध्ये ज्या पेस्टला पहिल्यांदा मान्यता दिली ती स्टॅनस फ्लोराइडचीच होती, पण ते पाण्यात टिकत नाही आणि दातांवर पिवळसर तपकिरी डाग पाडतं म्हणून मध्ये मागे पडलं आणि फॉर्म्युले सुधारल्यावर परत आलं. हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा गार पाण्याने दात शिवशिवत असतील तर मी तरी आधी हेच घेऊन बघायला सांगेन, का ते पुढे बॅक्टेरियाच्या भागात येईलच.

दातावर नेमकं काय होतं

एनॅमल म्हणजे दाताचं वरचं कवच, शरीरातला सगळ्यात कडक पदार्थ, वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज. हे खनिज म्हणजे मुख्यतः हायड्रॉक्सीअपेटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक स्फटिक. अडचण अशी की एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतो तोवर संपून गेलेल्या असतात त्यामुळे एकदा खड्डा पडला की शरीर तो भरत नाही. पण खड्डा पडायच्या आधी बराच काळ हातात असतो. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेलं असतं आणि दिवसभर एनॅमलमधून थोडं खनिज जातं, थोडं परत येऊन बसतं, हे सतत चालूच असतं. काही गोड खाल्लं की बॅक्टेरिया त्याचं आम्ल करतात, त्या चिकट थराचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की खनिज विरघळायला लागतं, मग लाळ पीएच हळूहळू वर आणते आणि खनिज परत बसायला लागतं. कीड लागते ती जाणं जास्त आणि येणं कमी असं महिनोन्महिने चाललं की.

फ्लोराइड या येण्याजाण्यात घुसतं. स्फटिकाच्या भोवतीच्या द्रवात ते अगदी थोडं जरी असलं तरी स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून त्याचं विरघळणं कमी करतं, कॅल्शियमला ओढून घेऊन नवा थर बसण्याचा वेग वाढवतं, आणि हा जो नवा थर बसतो त्यात हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड शिरल्यामुळे तो मूळ एनॅमलपेक्षा चिवट असतो. शुद्ध फ्लोरअपेटाइट, म्हणजे सगळ्या हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड असलेलं खनिज, विरघळायला पीएच ४.५ च्या आसपास खाली यावा लागतो. एक संपूर्ण अंक! पीएचच्या मापात एक अंक म्हणजे दहापट आम्ल.

शिवाय पेस्टमधल्या जास्त फ्लोराइडमुळे दातावर आणि थरात कॅल्शियम फ्लोराइडचे सूक्ष्म कण जमतात. हा तुमचा गल्ला समजा, ब्रश करताना भरतो आणि आम्ल झालं की त्यातून फ्लोराइड सुटून नेमकं गरजेच्या वेळी मिळतं. म्हणून महिन्यातून एकदा भरपूर यापेक्षा रोज दोनदा थोडं जास्त कामाचं.

पूर्वी समज वेगळा होता. लहानपणी पोटात गेलेलं फ्लोराइड दात तयार होतानाच त्यात मुरतं आणि दात जन्मभरासाठी पक्का होतो, असं कित्येक दशकं मानलं जायचं आणि त्यावरून गोळ्या आणि थेंब दिले जायचे. मग १९८८ मध्ये एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध झाला. शार्कच्या दाताचं वरचं कवच जवळजवळ पूर्ण फ्लोरअपेटाइटच असतं, तर त्याचे तुकडे माणसांच्या तोंडात बसवून त्यावर मुद्दाम थर साचू दिला. शार्कच्या दातातूनही खनिज गेलंच, माणसाच्या दातापेक्षा कमी गेलं पण गेलं. स्फटिकाच्या आत भरपूर फ्लोराइड असूनही भागलं नाही, ते भोवतीच्या द्रवात रोज असावं लागतं हे त्यातून चांगलंच कळलं. ब्रश करायची पद्धत सगळी यावरूनच ठरते.

ब्रश करताना

रात्री झोपायच्या अगदी आधी एकदा आणि दिवसात आणखी एकदा, दोन दोन मिनिटं. रात्रीचा चुकवू नका कारण झोपेत लाळ खूप कमी होते, म्हणजे आम्ल धुऊन टाकायला कुणी नसतं, पण त्याच कारणाने रात्री दातावर ठेवलेलं फ्लोराइडही जास्त वेळ टिकतं. नंतर काही खायचं नाही, पाण्याशिवाय काही प्यायचं नाही.

दात घासून झाले की फेस थुंका. परत थुंका. आणि चूळ भरू नका! हे बऱ्याच जणांना जमत नाही, तोंडात फेस राहिला की चैन पडत नाही आणि सवयीने पाण्याने खळखळून दोन तीन चुळा भरल्या जातात आणि दोन मिनिटं घासून जे दातावर ठेवलं ते बेसिनमध्ये जातं. अगदीच राहवत नसेल तर एक छोटा घोट पाणी घ्या, उरलेल्या फेसाबरोबर तोंडभर फिरवा आणि थुंका, बस. काही दिवसांत सवय होते. नंतर अर्धा तास खाणंपिणं टाळता आलं तर उत्तम.

माउथवॉशचंही असंच आहे. रोज वापरायच्या फ्लोराइड माउथवॉशमध्ये ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं, म्हणजे साधारण २२५ पीपीएम. तुम्ही १४५० ची पेस्ट लावून लगेच २२५ च्या पाण्याने धुताय, याला काय अर्थ आहे! वापरायचंच असेल तर ब्रशची वेळ सोडून वापरा, दुपारी जेवणानंतर वगैरे. सहा वर्षांखालच्या मुलांना अजिबात देऊ नका, ती गिळतात.

फ्लॉस करत असाल तर ब्रशच्या आधी करा म्हणजे दोन दातांमधली जागा मोकळी होऊन पेस्ट तिथे पोचेल. आणि लिंबू, कोला, व्हिनेगर असं आंबट काही घेतलं किंवा उलटी झाली असेल तर लगेच ब्रश नको, मऊ पडलेला पृष्ठभाग घासला जातो, साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास थांबा. (इथे चूळ चालते, उलट हवीच.) सारखं कोल्ड ड्रिंक पिणाऱ्यांना एक सांगतो, त्यांचा पीएच अडीच तीनच्या घरात असतो, तिथे फ्लोरअपेटाइटही विरघळतं, पेस्ट किती भारी आहे याने काही होणार नाही.

बॅक्टेरियाचं काय

तोंडातले बॅक्टेरिया मारायला फ्लोराइड घेतात असा एक समज आहे, तो अर्धाच बरोबर. स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स आणि त्याच्यासारखे साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात आणि आम्लातही मजेत राहतात, फ्लोराइड त्यांना याच सवयीत पकडतं. आजूबाजूला आम्ल वाढलं की फ्लोराइडचे काही आयन हायड्रोजनशी जुळून हायड्रोजन फ्लोराइड होतात, आणि त्यावर विद्युतभार नसल्यामुळे ते बॅक्टेरियाच्या पडद्यातून सहज आत शिरतं. पीएच ७ वरून ५ वर आला की हे प्रमाण जवळजवळ शंभरपट होतं, म्हणजे बॅक्टेरिया जितकं आम्ल करतील तितकं फ्लोराइड त्यांच्या आत जाणार. आत पीएच जास्त असतो त्यामुळे तिथे ते परत फुटतं, हायड्रोजन आतलं वातावरण आंबट करतो आणि फ्लोराइड इनोलेज नावाच्या एन्झाइमला अडवतं. इनोलेज अडलं की साखर जाळण्याची साखळी अर्ध्यावर थांबते, आणि त्याच साखळीतून तयार होणाऱ्या एका रेणूच्या जोरावर बॅक्टेरिया बाहेरची साखर आत ओढतात, त्यामुळे तेही मंदावतं. वर आतलं आम्ल बाहेर फेकणारा पंपही अडतो.

ऐकायला जबरदस्त आहे पण प्रत्यक्ष तोंडात ब्रश केल्यानंतर फ्लोराइडचं प्रमाण भराभर खाली येतं आणि दिवसभर जे उरतं ते बॅक्टेरियाला गुदमरवायला फारसं पुरत नाही, एनॅमलला सावरायला मात्र पुरतं. शिवाय बॅक्टेरियाही गप्प बसलेले नाहीत, फ्लोराइड बाहेर ढकलणारे खास प्रोटीन त्यांच्याकडे असतात, आणि आत फ्लोराइड आलंय हे ओळखून ती जनुकं चालू करणारा आरएनएचा स्विच २०१२ मध्ये सापडला. फ्लोराइडशी त्यांची ओळख टूथपेस्टच्या कितीतरी आधीची आहे कारण ते दगडात, मातीत, समुद्रात सगळीकडेच असतं.

म्हणून करायचं काय, तर दातावरचा चिकट थर ब्रशने आणि फ्लॉसने काढायचाच, तो फ्लोराइडने निघत नाही. आणि बॅक्टेरियावरही काम हवं असेल, हिरड्या सुजतायत, रक्त येतंय, तर स्टॅनस बघा, त्यातलं कथिल स्वतःच बॅक्टेरियाच्या एन्झाइम्सना अडवतं आणि तोंडात बराच वेळ रेंगाळतं. अमाइन फ्लोराइडमध्येही साबणासारखा भाग असल्याने थोडा बॅक्टेरियाविरोधी गुण असतो.

मुलांसाठी मोजून

पहिला दात आला की सुरुवात करा, थांबायचं कारण नाही. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम. तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी, ०.२५ ग्रॅमच्या आसपास. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जी लाट काढलेली असते ती दिसायला छान, मुलांना नको आणि तुम्हालाही नको. १००० पीपीएमची दाण्याएवढी पेस्ट सगळी गिळली तरी ०.१ मिलिग्रॅम पोटात गेलं, दोनदा ब्रश म्हणून ०.२. काळजीचं कारण नाही. पण तीच पेस्ट ब्रशभर लावली आणि पोराला ती गोड लागते म्हणून त्याने रोज चाटली तर हिशेब बदलतो. पेस्ट मोठ्यांनी लावून द्यायची, ट्यूब मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची, थुंकायला शिकवायचं, आणि सात आठ वर्षांपर्यंत स्वतः लक्ष ठेवायचं.

आता घाबरवायला नाही पण माहीत असावं म्हणून: शरीराच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम फ्लोराइड एकदम पोटात गेलं तर ते विषबाधेच्या पातळीचं धरतात आणि दवाखान्यात न्यायचं. १० किलोच्या मुलाला ५० मिलिग्रॅम, म्हणजे १००० पीपीएमची ५० ग्रॅम पेस्ट किंवा १४५० ची साधारण ३५ ग्रॅम. अर्धी ट्यूब. इतकं सहसा कुणी खात नाही, पण तसं झालं किंवा शंका आली तर दूध पाजा, त्यातलं कॅल्शियम पोटातलं फ्लोराइड धरून ठेवतं, उलटी काढायचा प्रयत्न करू नका आणि ट्यूब बरोबर घेऊन लगेच निघा. मळमळ, पोटदुखी, उलटी ही आधीची लक्षणं, पण खरी भीती रक्तातलं कॅल्शियम खाली येऊन हृदयाचा ठोका बिघडण्याची असते, म्हणून लक्षणांची वाट बघत घरी बसायचं नाही.

डाग आणि पाणी

जास्त फ्लोराइडचा पहिला पुरावा दातांवरच दिसतो, आणि ही सगळी गोष्ट सुरूही तिथूनच झाली. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला तर तिथल्या कित्येकांच्या दातांवर तपकिरी डाग. त्याने अनेक वर्षं पिच्छा पुरवला, डागाळलेले दात किडत मात्र कमी हेही त्याच्या लक्षात आलं. पाण्यात काहीतरी आहे हा संशय होता पण काय ते १९३१ मध्ये कळलं, एका अॅल्युमिनियम कंपनीचे केमिस्ट एच. व्ही. चर्चिल यांनी पाणी तपासलं आणि फ्लोराइड सापडलं. मग ट्रेंडली डीन यांनी किती फ्लोराइडला किती डाग आणि किती कीड याचं मोजमाप केलं, पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर कीड कमी आणि डाग नगण्य असं दिसलं, आणि जानेवारी १९४५ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते मुद्दाम घालायला सुरुवात झाली. पुढे पेस्टमधूनही फ्लोराइड मिळायला लागलं म्हणून अमेरिकेने २०१५ मध्ये हा आकडा ०.७ वर आणला.

डाग पडतात ते दात हाडात तयार होत असताना. साधारण आठ वर्षांपर्यंत हा धोका, पुढच्या पटाशीच्या दातांसाठी पहिली तीन वर्षं जास्त नाजूक. त्यानंतर कितीही फ्लोराइड आलं तरी दातांवर फ्लोरोसिस (जास्त फ्लोराइडने होणारा हा त्रास) होत नाही, त्यामुळे पंचविशीत नवीन पांढरा डाग दिसला तर पेस्टला शिव्या देऊ नका, ती बहुतेक किडीची सुरुवात असते. ओळखायचं कसं, तर फ्लोरोसिस बहुधा डाव्या उजव्या जोडीच्या दोन्ही दातांवर सारखाच, पुसट रेघा किंवा ढगाळ ठिपके. किडीचा पांढरा डाग हिरडीच्या कडेला, जिथे थर साचतो तिथे, खडूसारखा निस्तेज, आणि दात वाळवला की जास्त उठून दिसतो. या दुसऱ्या डागाला उलट फ्लोराइडच हवं, खड्डा पडलेला नसेल तर तो थांबतो, कधी मागेही फिरतो.

पाणी बोअरचं किंवा विहिरीचं असेल तर ते एकदा लॅबमधून तपासून घ्या, फ्लोराइडला चव नसते, वास नसतो, रंग नसतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. त्यावर असेल तर उकळून उपयोग नाही, पाणी आटतं आणि फ्लोराइड तिथेच राहतं म्हणजे उलट वाढतं. साधी कँडल आणि कार्बनचा फिल्टर यांच्याने ते निघत नाही. आरओने निघतं, अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाने निघतं (ते वेळोवेळी रिजनरेट करावं, म्हणजे परत कामाचं करून घ्यावं लागतं, हे कुणी सांगत नाही), आणि मोठ्या प्रमाणावर तुरटी आणि चुना वापरून गाळ बसवायची नलगोंडा पद्धत आहे. पाण्यात जास्त असेल तर मोठ्यांनी फ्लोराइडची पेस्ट सोडायची गरज नाही, थुंकतोच आपण, पण लहान मुलांचं डेंटिस्टला विचारून ठरवा, आणि बाळाची दूध पावडर त्या पाण्यात कालवू नका.

पोटात गेल्यावर

गिळलेलं फ्लोराइड रिकाम्या पोटी ८० ते ९० टक्के शोषलं जातं आणि रक्तातलं प्रमाण तासाभरातच कमाल होतं. पोटातल्या आम्लात त्याचं हायड्रोजन फ्लोराइड होतं आणि ते पडद्यातून सरकतं, बॅक्टेरियाच्या बाबतीत झालं तेच. बरोबर दूध असेल तर शोषण कमी. मग मूत्रपिंड काही बाहेर टाकतं, बाकीचं हाडात. मोठी माणसं साधारण अर्धं ठेवून घेतात, वाढत्या वयाची मुलं जास्त. शरीरातलं ९९ टक्के फ्लोराइड हाडात आणि दातातच असतं, आणि किडनीचा आजार असेल तर बाहेर पडणं मंदावतं म्हणून अशा लोकांनी पाण्याची तपासणी टाळू नये.

हाडांचा फ्लोरोसिस हा पेस्टचा प्रश्न नाही, तो वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइडचं पाणी पिण्याचा आहे. रोज एकूण ६ मिलिग्रॅमच्या वर गेलं की हाडांचा धोका वाढायची चिन्हं दिसतात आणि १४ मिलिग्रॅमला तो स्पष्ट असतो. सांधे आखडतात, पाठ वळत नाही, अस्थिबंधांत कॅल्शियम साचतं. हाड दिसायला दाट पण ठिसूळ. हे दाट आणि ठिसूळ प्रकरण डॉक्टरांनाही फसवून गेलंय, हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड देऊन बघितलं तर कण्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, पण मणके मोडायचं प्रमाण काही ठळक कमी झालं नाही आणि बाकीची हाडं जास्त मोडायला लागली. १९९० मध्ये ते प्रसिद्ध झालं. चहाचं झाडही मातीतून फ्लोराइड ओढतं आणि जुन्या पानात जास्त साठवतं, त्यामुळे पाण्यात जास्त आणि चहाही भरपूर असेल तर दोन्ही मिळून हिशेब करा.

मेंदूबद्दल हल्ली बरंच फिरतंय. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामने २०२४ मध्ये असं म्हटलं की लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध मध्यम खात्रीने दिसतो, आणि ०.७ बद्दल काही ठरवायला माहिती अपुरी आहे. थुंकलेल्या पेस्टबद्दल त्यात काही नाही. तेव्हा घाबरून पेस्ट टाकण्यापेक्षा पाणी तपासा.

डेंटिस्टकडे मागायच्या गोष्टी

सारखी कीड लागते, तोंड कोरडं पडतं, तारा लावल्यात, हिरड्या खाली जाऊन मुळं उघडी पडलीत, अशांना रोजची पेस्ट पुरत नाही. त्यांनी ५००० पीपीएमच्या पेस्टबद्दल विचारा, ती मोठ्यांसाठी आणि डॉक्टरने सांगितल्यावरच. १२,३०० पीपीएमचं आम्लवालं जेल लावणार असतील तर सिरॅमिकचे कॅप आहेत हे आधी सांगा, आम्लाने त्यांची चकाकी जाते. दाढांच्या खोल खाचांमध्ये फ्लोराइड फारसं पोचत नाही, तिथे मुलांना सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा लेप, लावून घेणं बरं. किडलेला दुधाचा दात आहे पण मूल खुर्चीवर बसायला तयार नाही तेव्हा ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हा उपाय आहे, जवळपास ४४,८०० पीपीएम, ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, कीड बऱ्याचदा थांबते, फक्त किडलेली जागा कायमची काळी होते हे आधी समजून घ्या म्हणजे नंतर आरशासमोर रडारड नको.

लहान मुलांसाठी सगळ्यात सोयीचं वार्निश. ५ टक्के सोडियम फ्लोराइड, २२,६०० पीपीएम, आकडा ऐकून दचकायला होतं पण ब्रशने थेंबभर लावतात, ते लाळेत लगेच घट्ट होतं आणि दाताला चिकटून राहतं म्हणून गिळलं जातं ते कमी आणि हळूहळू. वर्षातून दोनदा पुरतं, धोका जास्त असेल तर चारदा. लावल्यावर चार ते सहा तास ब्रश करायचा नाही, कडक आणि गरम काही द्यायचं नाही, दात थोडे पिवळट दिसतील त्याने बिचकायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी घासले की निघून जातं.